माउस की ट्रॅकबॉल? हाताला सोसेल आणि टिकेल असा कसा निवडायचा

दिवसभर संगणकावर काम करणारा माणूस खुर्ची घेताना बसून बघतो, स्क्रीन घेताना डोळ्यांना त्रास होतो का ते बघतो. माउस मात्र संगणकाबरोबर जो आला तोच वर्षानुवर्षं वापरतो. नवा घ्यायची वेळ आलीच तर खोक्यावरचे आकडे वाचून घेतो. त्या आकड्यांवरून आराम आणि टिकाऊपणा यांचा अंदाज जवळजवळ येतच नाही. माउस खांद्यापासून किती लांब पडतो आणि तळहाताच्या मापाचा आहे का, यावर आराम ठरतो. टिकाऊपणा बहुतेक वेळा आतल्या दोन छोट्या भागांवर ठरतो: डाव्या बटणाखालचा स्विच आणि चाकाचं फिरणं मोजणारा एन्कोडर. म्हणून इथे आधी टेबल, मग हात, मग काम आणि शेवटी यंत्र, असा क्रम घेतला आहे.

१. आधी टेबल मोजा

नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवा आणि मग उजवा हात माउसवर न्या. कोपर शरीरापासून बाहेर गेलं का? खांदा किंचित वर उचलला गेला का? तसं होत असेल तर कितीही चांगला माउस आणला तरी संध्याकाळी खांदा दुखणारच.

याचं नेहमीचं कारण कीबोर्डच्या उजव्या टोकाचे आकड्यांचे बटण. पूर्ण लांबीचा कीबोर्ड साधारण ४४ सेंटीमीटर रुंद असतो. आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड ३६ सेंटीमीटरच्या आसपास असतो. म्हणजे फक्त कीबोर्ड बदलला तरी माउस आठेक सेंटीमीटर जवळ येतो. आकडे सतत टाईप करावे लागत असतील तर आकड्यांचा सुटा पॅड मिळतो, तो डावीकडे ठेवता येतो. खर्च करायच्या आधी एवढा बदल करून आठवडाभर बघा. बऱ्याच जणांची तक्रार इथेच मिटते.

उंचीचंही बघा. कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहायला हवं. टेबलाची धार मनगटाच्या आतल्या बाजूला टोचत असेल तर खुर्ची वर घ्या किंवा माउस थोडा आत सरकवा, म्हणजे कोपराखालचा हात टेबलावर टेकेल. मऊ जेलची मनगट-उशी मिळते, पण माउस हलवत असताना तिच्यावर मनगट दाबून ठेवणं मला योग्य वाटत नाही. ज्या जागेतून नस आणि स्नायूबंध जातात तिथेच तो दाब पडतो. हात थांबलेला असताना टेकायला ती ठीक आहे.

२. दुखतं कुठे, ते नेमकं ओळखा

"हात दुखतो" एवढ्यावर यंत्र निवडता येत नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर मनगटातून जाणाऱ्या मधल्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. कार्पल टनेलचा त्रास म्हणतात तो हाच. करंगळी आणि अनामिकेची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर दुसऱ्या नसेचा प्रश्न असतो. ही नस कोपरामागून जाते, त्यामुळे कोपर टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर टेकून बसण्याचा तिला त्रास होतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या त्या बाजूला दुखत असेल तर अंगठा जास्त राबतो आहे. अशा माणसाने अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल (यंत्र न सरकवता त्यातला चेंडू फिरवून पॉइंटर हलवायचं साधन) घेऊ नये, मग त्याची कितीही स्तुती ऐकलेली असो.

बधिरपणा रात्री झोपमोड करत असेल, हातातून वस्तू निसटत असतील किंवा आराम देऊनही दुखणं कमी होत नसेल तर आधी डॉक्टरांकडे जा. यंत्र बदलणं हा उपचार नव्हे.

३. हाताचं माप आणि पकड

मनगटाच्या पहिल्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. ढोबळमानाने १७ सेंटीमीटरच्या आतला हात लहान, १७ ते १९ मध्यम आणि त्यापुढचा मोठा. मोठ्या हाताखाली लहान माउस आला की बोटं आखडतात आणि तळहात हवेत राहतो. लॅपटॉपच्या पिशवीत मावावा म्हणून घेतलेला चपटा माउस प्रवासात चालतो, रोजच्या आठ तासांसाठी नाही. उलट लहान हाताखाली मोठा माउस आला तर क्लिक करायला प्रत्येक वेळी बोट ताणावं लागतं.

पकड तीन तऱ्हांची असते. पूर्ण तळहात माउसवर टेकतो ती पहिली. तिच्यासाठी मागे उंच फुगीर असलेला, लांब माउस हवा. दुसरीत तळहाताचा मागचा भाग टेकतो आणि बोटं कमानीसारखी वाकतात. तिसरीत फक्त बोटांची टोकं टेकतात, तिथे हलका आणि आखूड माउस बरा. आपली पकड कोणती हे आठवून सांगू नका. काम चालू असताना दुसऱ्याला हाताचा बाजूने फोटो काढायला सांगा. मुद्दाम बघायला गेलं की हात आपोआप नीटनेटका बसतो आणि अंदाज चुकतो.

डावखुऱ्यांनी "दोन्ही हातांसाठी" अशा शब्दांवर थांबू नये. आकार दोन्ही बाजूंनी सारखा असूनही बाजूची बटणं बऱ्याचदा फक्त डाव्या अंगाला असतात, आणि डाव्या हातात धरल्यावर ती अंगठ्याच्या हाताशी येतच नाहीत.

४. तुमचं काम नक्की काय आहे

एक दिवस स्वतःच्या हाताकडे लक्ष द्या. लांबलचक तक्ते आणि कागदपत्रं वाचणाऱ्याचं चाक सर्वात जास्त फिरतं. त्याने सुट्टं फिरणारं चाक असलेला माउस शोधावा: एका झटक्यात शेकडो ओळी जातात आणि बोट थकत नाही. चित्र काढणारा, व्हिडिओ जोडणारा किंवा आराखडे करणारा माणूस बटण दाबून धरून ओढतो, त्याला हलकं पण ठाम बटण हवं. मधलं क्लिक वारंवार लागत असेल तर चाक दाबायला किती जोर लागतो ते बघा. बऱ्याच माउसमध्ये ते नको इतकं घट्ट असतं. त्यावर सोपा इलाज म्हणजे मधलं क्लिक बाजूच्या एखाद्या बटणावर नेमून टाकणं.

टेबलावर जागा कमी असेल, मांडीवर काम करावं लागत असेल किंवा दोन-तीन स्क्रीन असतील, तर ट्रॅकबॉलचा विचार मनापासून करा.

५. साधा, उभा की ट्रॅकबॉल

साध्या माउसवर तळहात पालथा असतो. त्या स्थितीत कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर तिरकी येतात आणि हात थोडा पिळलेला राहतो. उभ्या माउसवर हात हस्तांदोलनाला पुढे करावा तसा राहतो, त्यामुळे पीळ कमी होतो. पूर्ण ९० अंश उभा असण्याची गरज नसते. लॉजिटेकचे एमएक्स व्हर्टिकल आणि लिफ्ट हे दोन्ही ५७ अंशांचे आहेत, त्यातला लिफ्ट लहान आणि मध्यम हातांसाठी आहे आणि तो डाव्या हाताचाही मिळतो. उभ्या माउसचा एक दोष आधीच माहीत असलेला बरा: क्लिक करताना बोट आडवं दाबतं आणि माउस किंचित सरकतो. त्यामुळे बारीक जागी नेम धरणं सुरुवातीला अवघड जातं. माउस वजनाने थोडा जड आणि तळाने रुंद असला तर हे कमी होतं.

ट्रॅकबॉलमध्ये यंत्र जागेवर राहतं आणि चेंडू फिरतो. कल्पना माउसपेक्षा जुनी आहे. १९५२ साली कॅनडाच्या नौदलाच्या डेटार प्रकल्पात केलेल्या ट्रॅकबॉलमध्ये बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवला होता. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांचा लाकडी माउस त्यानंतर बारा वर्षांनी, १९६४ मध्ये आला. तरीही घरोघरी पोचला तो माउसच. निर्देश करायला तो पटकन जमतो, आणि बटण दाबून ओढण्याचं काम ट्रॅकबॉलवर खरोखर कठीण पडतं, कारण एक बोट बटण धरून ठेवतं तेव्हा बाकीच्यांना चेंडू फिरवावा लागतो. हे तोटे मान्य करूनही मनगट आणि खांदा स्थिर ठेवायचा असेल तर मला ट्रॅकबॉलसारखं दुसरं काही दिसत नाही. खांद्याच्या दुखण्यावर तर तो माझा पहिला सल्ला असतो.

ट्रॅकबॉलचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात चेंडू अंगठ्याखाली असतो, बाकी आकार माउससारखाच. लॉजिटेकचे एम५७५ आणि एमएक्स एर्गो या जातीचे, दोन्हींचा चेंडू ३४ मिलिमीटरचा. एमएक्स एर्गो शून्य किंवा २० अंशांत तिरका करता येतो. सवय लवकर होते, पण सगळा भार एकट्या अंगठ्यावर पडतो. अंगठा पकडीसाठी घडलेला आहे, बारीक नेम धरण्यात तो तर्जनीइतका तरबेज नाही. फोनवरही दिवसभर अंगठाच राबत असेल तर हा प्रकार टाळा.

दुसऱ्या प्रकारात चेंडू मधे असतो आणि दोन-तीन बोटांनी फिरवायचा असतो. केन्सिंग्टनच्या एक्सपर्ट माउस नावाच्या ट्रॅकबॉलचा चेंडू ५५ मिलिमीटरचा आहे आणि त्याच्याभोवतीचं कडं फिरवून स्क्रोल होतं. त्याच कंपनीच्या स्लिमब्लेडमध्ये चेंडूच उभ्या अक्षावर पिळला की पान सरकतं. आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे तो कधी उजव्या, कधी डाव्या हाताने वापरता येतो. दुखण्यातून सावरणाऱ्यांना हा फायदा फार मोलाचा आहे. चेंडू जितका मोठा तितका नेम धरायला सोपा, कारण पॉइंटर तेवढाच हलवायला बोटाला जास्त अंतर मिळतं. मात्र अशा यंत्रांची उंची जास्त असते आणि पुढची बाजू चढती असेल तर मनगट मागे वाकतं. कोपराखालचा हात टेकायला खाली काहीतरी आधार द्यावा लागतो.

चेंडू कशावर टेकलेला आहे तेही विचारा. बहुतेकांत तीन बारीक, न फिरणारे मणी असतात: स्टीलचे, सिरॅमिकचे किंवा कृत्रिम माणकाचे. स्टीलचे मणी काळाने झिजून सपाट होतात आणि चेंडू अडखळायला लागतो. सिरॅमिक आणि माणिक जास्त टिकतात. काही महागड्या यंत्रांत फिरणारे बेअरिंग असतात. त्यांच्यात चेंडू अगदी हलक्या स्पर्शाने सुटतो, पण थोडा आवाज येतो.

६. खोक्यावरचे आकडे

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की तो संगणकाला किती पावलं कळवतो. हिशेब सोपा आहे. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद, डीपीआय ८००, पॉइंटरचा वेग मूळचाच आणि प्रवेग (माउस जोरात हलवला की पॉइंटर जास्त लांब जाण्याची सोय) बंद असेल, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला माउस २.४ इंच, म्हणजे सुमारे ६ सेंटीमीटर सरकवावा लागतो. १६०० ला तेच अंतर ३ सेंटीमीटर होतं. ३८४० पिक्सेलच्या स्क्रीनवर १६०० ला पुन्हा ६ सेंटीमीटर. म्हणजे ८०० ते २४०० च्या आत बहुतेकांचं भागतं, आणि हल्लीचा जवळपास प्रत्येक माउस एवढं देतो. पंचवीस हजार डीपीआयला जास्तीचे पैसे मोजायची ऑफिसच्या कामात गरज नाही.

पोलिंग रेट म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा आपली जागा कळवतो. १२५ हर्ट्झला दर ८ मिलिसेकंदांनी, १००० हर्ट्झला दर मिलिसेकंदाला. वेगवान खेळ खेळणाऱ्यांना फरक जाणवतो, तक्ते भरणाऱ्यांना नाही, आणि बिनतारी माउसमध्ये जास्त दर बॅटरी लवकर संपवतो.

वजन मात्र नक्की वाचा. खेळांसाठीचे हलके माउस ६० ग्रॅमच्या आसपास असतात, नेहमीचे ८० ते १०० ग्रॅम, आणि मोठे ऑफिस माउस १४० ग्रॅमपर्यंत जातात. हात सारखा उचलून ठेवायची सवय असेल तर जड माउस सोसणार नाही. एए सेल २३ ग्रॅमच्या आसपास भरतो, लिथियमचा १५. सेल बदलूनही थोडं वजन कमी करता येतं.

७. तार, डोंगल की ब्लूटूथ

तारेचा माउस चार्ज करावा लागत नाही आणि त्याचा सिग्नल तुटत नाही. फक्त तार मऊ असावी आणि माउसच्या नाकाशी ती कडक वाकलेली नसावी, कारण तिथेच आतली वायर तुटते.

डोंगल म्हणजे बिनतारी माउसचा सिग्नल घेणारा, यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा तुकडा. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि वायरमधून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो, म्हणून शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची डिस्क लावली की पॉइंटर अडखळतो. माउस खराब झाला असं समजून लोक तो बदलतात. डोंगल एका छोट्या एक्स्टेंशन वायरने माउसच्या जवळ, टेबलावर आणून ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. २०१६ मध्ये माउसजॅक नावाने एक त्रुटी उघड झाली होती. काही बिनतारी माउसचा सिग्नल कूटबद्ध नसल्याने लांबून कोणीही डोंगलमार्फत संगणकावर टाईप करू शकत होतं. त्यामुळे फार जुना डोंगल असेल तर कंपनीचं अपडेट आहे का ते बघा, नसेल तर तो बदला.

ब्लूटूथने पोर्ट वाचतो आणि एकच माउस दोन-तीन यंत्रांना जोडता येतो. पण झोपेतून जागा व्हायला तो क्षणभर वेळ घेतो, आणि संगणक सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) तो सहसा चालत नाही. तिन्ही सोयी असलेला माउस मिळाला तर तोच घ्या.

८. काय आणि कशाने बिघडतं

सर्वात आधी डावं बटण. त्याच्याखाली एक छोटा स्विच असतो आणि त्यात धातूची पातळ पट्टी टिचकी मारून दुसऱ्या टोकाला टेकते. टेकताना ती सूक्ष्म उड्या मारते. माउसमधला प्रोग्राम काही मिलिसेकंद थांबून त्या उड्या एकच क्लिक म्हणून मोजतो. काळाने पट्टीचा ताण कमी होतो आणि संपर्काच्या जागी गंज धरतो. माउसमधून जाणारा प्रवाह इतका कमी असतो की तो थर आपोआप जळून जात नाही. मग उड्या लांबतात आणि एका क्लिकची दोन क्लिक होतात, किंवा ओढताना फाइल मधेच सुटते.

खोक्यावर १ कोटी किंवा २ कोटी क्लिक लिहिलेले असतात. रोज ५००० क्लिक धरले तरी १ कोटीला साडेपाच वर्षं लागायला हवीत. दोष बऱ्याचदा आधीच दिसतो, कारण तो आकडा प्रामुख्याने पट्टी मोडण्याबद्दलचा आहे आणि दोष संपर्काचा असतो. ऑप्टिकल स्विचमध्ये बटण दाबल्यावर प्रकाशाचा झोत अडतो किंवा सुटतो, तिथे धातूचा संपर्कच नसतो. म्हणून दोन क्लिकचा हा दोष त्यात येत नाही. टिकाऊपणा पहिला असेल तर हीच गोष्ट सर्वात आधी विचारा. स्विच साधा असेल तर वॉरंटी किमान दोन वर्षांची असावी, असं माझं मत.

दुसरा नंबर चाकाचा. आतला एन्कोडर यांत्रिक असेल तर धुळीने आणि झिजण्याने पान खाली जाता जाता मधेच एक उडी वर मारतं. ऑप्टिकल एन्कोडर जास्त काळ नीट चालतो.

मग येतो बाहेरचा लेप. दुकानात हाताला मखमली लागणारा रबरी लेप घाम आणि दमट हवेने काही वर्षांत चिकट होतो, तो धुऊन जात नाही. नुसतं खरखरीत प्लास्टिक दिसायला साधं असतं पण वर्षानुवर्षं तसंच राहतं. मी तेच निवडतो.

बॅटरीबद्दल: बदलता येणारा सेल असला की संपला तर दुसरा घालून काम पुढे चालतं. आतली बॅटरी काही वर्षांनी दमते, आणि ती बदलायची तर स्क्रू तळाच्या पट्ट्यांखाली लपलेले असतात. चार्जिंगचं तोंड पुढे असावं. ॲपलच्या मॅजिक माउसचं ते तळाला आहे, त्यामुळे चार्ज होत असताना तो वापरता येत नाही.

बटणांची मांडणी माउसच्या स्वतःच्या मेमरीत साठते की संगणकावरच्या प्रोग्रामवर अवलंबून असते, हेही तपासा. ऑफिसच्या संगणकावर प्रोग्राम टाकायची परवानगी नसेल तर जास्तीची बटणं निरुपयोगी ठरतात.

९. घेतल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत

पहिल्याच दिवशी हे करून बघा. एक फाइल धरून स्क्रीनभर अगदी हळू ओढा, कुठेही सुटता कामा नये. लांब पान एकेक खाच फिरवत खाली न्या आणि उलटी उडी येते का बघा. प्रवेग बंद करा, माउस पट्टीला टेकवून पॉइंटरची जागा लक्षात ठेवा, जोरात बाजूला न्या, हळू परत आणा. पॉइंटर जवळजवळ त्याच जागी यायला हवा. विंडोजमध्ये प्रवेग पॉइंटरच्या अचूकतेच्या पर्यायाखाली असतो. ट्रॅकबॉलवर मात्र रोजच्या वापरात तो चालू ठेवा, कारण चेंडूच्या एका फटक्यात लांब जायचं आणि हळू फिरवून बारीक नेम धरायचा, हे दोन्ही त्यामुळेच जमतं.

ट्रॅकबॉलसाठी आणखी एक चाचणी: पॉइंटर एकेका पिक्सेलने हलवायचा प्रयत्न करा. चेंडू आधी अडून मग एकदम सुटत असेल तर दोन दिवस वापरून पुन्हा बघा, कारण नव्या कोरड्या चेंडूला बोटांचा तेलकटपणा लागला की तो बराच सैल होतो. त्यानंतरही अडत असेल तर परत करा.

बाजूची बटणं पकड न बदलता दाबता येतात का, माउस हलवल्यावर आत काही खुळखुळतं का, पारदर्शक काचेवर किंवा चकचकीत टेबलावर पॉइंटर भरकटतो का, हेही त्याच दिवशी बघून घ्या. काच असेल तर पातळ माउसपॅड हा सर्वात सोपा उपाय.

१०. सवय आणि देखभाल

नवा आकार पहिल्या दिवशीच दिवसभर वापरू नका. रोज तासाभराने सुरुवात करा आणि जुना माउस शेजारी राहू द्या. उभ्या माउसला काही दिवस लागतात, बोटांच्या ट्रॅकबॉलला दोन-तीन आठवडे धरून चाला. या काळात पॉइंटरचा वेग थोडा कमी ठेवला की चिडचिड कमी होते. नवीन जागी, नवीन स्नायूत दुखायला लागलं आणि आठवड्याभरात ते ओसरलं नाही, तर तो आकार तुमचा नाही.

माउसच्या तळाच्या पट्ट्यांना चिकटलेला मळ महिन्याकाठी काढा. ट्रॅकबॉलला त्याहून जास्त लक्ष लागतं. तळाच्या भोकातून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चेंडू बाहेर ढकला. काही मोठ्या ट्रॅकबॉलमध्ये चेंडू नुसता ठेवलेला असतो, यंत्र उलटं केलं की हातात येतो, म्हणून खाली हात धरा. तिन्ही मण्यांवर करड्या मळाची टोपी जमलेली दिसेल. ती कापसाच्या काडीने काढा, टोकदार लोखंडी वस्तू लावू नका. सेन्सरची खिडकी कोरड्या काडीने पुसा. चेंडू मऊ कापडाने पुसून परत बसवा. चेंडूवर ओरखडा पडला असेल तर बदली चेंडू वेगळा मिळतो, आणि अंगठ्याच्या बऱ्याच ट्रॅकबॉलमध्ये तो ३४ मिलिमीटरचाच असल्याने दुसऱ्या कंपनीचाही बसतो.